लोकनियुक्त पुढारी आणि परक्यांचा हात

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहावरून रोज हजारों माणसें जातात. त्या भिंतींमागें कैदी असतात, एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हें कारागृह ज्या तटबंदींत वसलें आहे, तो ठाण्याचा किल्ला एके काळीं घरच्या भांडणाची किंमत म्हणून परक्यांच्या घशांत गेला, ही गोष्ट कोर्टनाक्याकडे जाणाऱ्या शंभर जणांपैकीं पांचांस तरी आठवत असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. आज ती आठवण देण्याचें कारण असें कीं, लोकांनीं निवडलेला पुढारी जुलमी, भ्रष्ट अथवा नुसता गैरसोयीचा झाला म्हणजे दुसऱ्या एखाद्या बलाढ्य राष्ट्रानें त्यास उचलून दूर करावें कीं नाहीं, हा वाद वाचनालयांतून, दुकानांच्या पेढ्यांवरून आणि कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडींतून पुन्हां पुन्हां ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो, घरास आग लागली असतां पाणी कोणाच्या विहिरीचें हें पाहूं नये. दुसरा म्हणतो, आमचें घर जळो वा राहो, परक्यानें उंबरठा ओलांडूं नये. दोन्ही पक्षांचे लोक शहाणे आहेत. पण दोघेही एक प्रश्न विसरतात. पाणी ओतणारा निघून जातांना घरांतील काय घेऊन जातो?

हा प्रश्न ठाणेंकरांस नवा नाहीं. सन १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला व राघोबादादा पेशवे झाले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील प्रभृति कारभारी त्यांच्याविरुद्ध एक झाले. त्यांनीं बारभाईंचा कारभार उभा केला आणि १७७४ च्या एप्रिलांत जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवानें राज्य चालविलें. तेव्हां राघोबादादांनीं मुंबईकर इंग्रजांचें दार ठोठावलें. इंग्रजांस साष्टी व वसई बऱ्याच दिवसांपासून हवी होती. बोलणीं चालू असतांनाच, पोर्तुगीजांचें आरमार आपला गेलेला मुलूख परत घेण्यास येत आहे अशी वार्ता उठली. तेवढें निमित्त पुरेसें झालें. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्यास वेढा घातला आणि वर्ष संपण्यापूर्वीं किल्ला घेतला. ज्या करारानें साष्टी त्यांस मिळावयाची होती, तो सुरतेचा करार झाला ६ मार्च १७७५ रोजीं. म्हणजे माल आधीं उचलला आणि पावती मागाहून फाडली!

पुढें सात वर्षें युद्ध चाललें. १७७९ च्या जानेवारींत वडगांवास इंग्रजी फौजेस नमावें लागलें, तरी साष्टी त्यांच्या हातून सुटली नाहीं. १७८२ च्या मे महिन्यांत सालबाईच्या तहानें हिशेब मिटला, तेव्हां त्या खात्यांत काय दिसलें, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य पाहावें. पुण्याच्या कारभाऱ्यांस त्यांचा पेशवा मिळाला. ज्यांच्यासाठीं म्हणून फौजा निघाल्या होत्या, त्या राघोबादादांस दरमहा २५ हजार रुपयांचें वेतन मिळालें, गादी मिळाली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं ते कोपरगांवीं वारले. इंग्रजांकडे ठाणें व साष्टी कायम राहिलीं. आपल्या अशिलास वाऱ्यावर सोडतांना त्यांस संकोच वाटला नाहीं. दलाली सोडतांना मात्र वाटला असता. लोण्याच्या गोळ्यासाठीं भांडणाऱ्या दोन बोक्यांनीं माकडाच्या हातीं तराजू दिल्याची गोष्ट आपण मुलांस सांगतों. तीच गोष्ट या किल्ल्याच्या दगडांत लिहिलेली आहे.

कोणी म्हणेल, त्या वेळीं इंग्रजांचा हेतूच वाईट होता. हेतु चांगला असता तर? त्यासही याच किल्ल्यांत दाखला आहे. १८१५ च्या जुलैंत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला. शास्त्रीबुवा इंग्रजांच्या हमीवर पेशवाईंत आले होते. आळ आला तो दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. रेसिडेंट एल्फिन्स्टन यानें त्रिंबकजीस स्वाधीन करण्याचा आग्रह धरला, पेशव्यांस आपला कारभारी द्यावा लागला, आणि इंग्रजांनीं त्यास ठाण्याच्या किल्ल्यांत बंदींत टाकलें. १८१६ च्या सप्टेंबरांत तो तेथून निसटला. त्याच्या पाठलागाचा आणि पेशव्यांवरील संशयाचा शेवट १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहांत झाला, आणि त्या तहानें पेशव्यांस उत्तर कोंकणासह मोठा मुलूख व मराठमंडळांतील वडीलकी सोडावी लागली. खून खरा होता; न्यायाची मागणी गैर नव्हती. पण फिर्याद एका माणसावर आणि वसुली साऱ्या राज्याकडून, असा तो न्याय झाला. कारण रास्त असलें म्हणजे परिणामही रास्त होतो, असा भरंवसा यापुढें कोणी धरूं नये.

परंतु पेशवे व कारभारी हे कांहीं लोकांनीं निवडलेले नव्हते, हा आक्षेप येईल व तो खरा आहे. म्हणून मतपेटीच्या काळांतील, आपल्याच महाराष्ट्रभूमीवरील एक प्रकरण घेऊं. सन १९३७ च्या निवडणुकींनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडांत डॉ. नारायण भास्कर खरे हे मुख्य प्रधान झाले. त्यांच्या मंडळांत नागपूर-वऱ्हाडचे आणि महाकोशलचे असे दोन गट पडले. १९३८ च्या मे महिन्यांत पंचमढीस समेट झाला, तो टिकला नाहीं. २० जुलै रोजीं डॉ. खऱ्यांनीं राजीनामा दिला व सहकाऱ्यांसही तो देण्यास सांगितलें. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता या तिघांनीं पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवांचून राजीनामा देण्याचें नाकारलें. तेव्हां गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनीं त्या तिघांस बडतर्फ केलें आणि दुसऱ्याच दिवशीं डॉ. खऱ्यांच्या नव्या मंडळाचा शपथविधि उरकला. वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीपुढें हें प्रकरण गेलें; २३ जुलैस डॉ. खऱ्यांस पुन्हां राजीनामा द्यावा लागला. त्यांनीं परकी गव्हर्नराच्या सत्तेचा आश्रय केला असा ठपका कार्यकारिणीनें ठेवला. आणि २७ जुलैस आमदारांच्या सभेनें शुक्लांस नेता निवडलें.

त्या वेळीं महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उठला! एक पक्ष म्हणे, आमच्या माणसास वर्ध्याच्या श्रेष्ठींनीं काढलें. ते कोण आमचे? दुसरा म्हणे, आधीं सहकाऱ्यांस इंग्रजाच्या हातून काढवलें कोणीं? आम्हांस आज ऐंशींहून अधिक वर्षांनंतर असें दिसतें कीं, त्या भांडणांत "परका" या शब्दाचा अर्थच कोणीं नीट ठरविला नव्हता. वर्ध्याची मंडळी दुसऱ्या प्रांतांची असतील. पण त्यांची शिस्त डॉ. खऱ्यांनीं स्वतः पत्करलेली होती, आणि ती मंडळी या देशांतील मतदारांपुढें पुन्हां उभी राहणार होती. गव्हर्नर विलायतेहून नेमलेला. नागपूरच्या वा अकोल्याच्या एकाही मतदारास तो जबाबदार नव्हता, आणि १९३५ च्या कायद्याप्रमाणें मंत्री त्याच्या मर्जीवर अधिकारावर राहत. तेव्हां गव्हर्नराचा हात खरा परका होता, यांत संदेह नाहीं. तरीही एक दोष दोन्ही बाजूंकडे राहतोच. राजीनामा, बडतर्फी, नवें मंडळ आणि पुन्हां राजीनामा हें सारें चार दिवसांत आटोपलें, आणि ज्यांनीं डॉ. खऱ्यांस नेता केलें होतें त्या आमदारांची सभा भरली ती त्यानंतर. ज्यांचा नेता, त्यांचा निवाडा सर्वांच्या शेवटीं!

म्हणून परका कोण, हें भाषेवरून वा प्रांतावरून ठरवूं नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत उतरलेला सिंधी निर्वासित कांहीं वर्षांतच येथला मतदार झाला. तो परका नव्हे. ज्यास आपल्या मतदारांपुढें जाब द्यावा लागत नाहीं आणि जो आपल्या कामाचें मोल मात्र आपल्याकडून घेतो, तो परका. मग त्याची भाषा कितीही गोड असो.

जगांत पाहावें तर हेंच दिसतें. इराणांत मोहम्मद मोसादेघ यांनीं १९५१ सालीं तेलाचें राष्ट्रीयीकरण केलें. १९५३ च्या ऑगस्टांत ब्रिटन व अमेरिका यांच्या गुप्तहेर खात्यांनीं देशांतील असंतुष्टांस हाताशीं धरून त्यांस पदच्युत करविलें. पुढल्याच वर्षीं तेलाचा कारभार ज्या परदेशी कंपन्यांच्या मंडळाकडे गेला, त्यांत अमेरिकन कंपन्यांचा वांटा शेंकडा ४० होता. अमेरिकेच्या हेरखात्याच्या स्वतःच्या कागदपत्रांतील कबुली उजेडांत आली ती २०१३ सालीं, साठ वर्षांनीं. मोसादेघ यांचे दोष इराणी लोकांनीं तोलले असते, कदाचित् त्यांस पाडलेंही असतें. पण तो तराजूच मोडला गेला, आणि १९७९ मध्यें लोकांचा संताप उसळला तेव्हां मधला मार्ग उरला नव्हता.

हस्तक्षेपाच्या कैवाऱ्यांजवळही दाखले आहेत, आणि ते लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील गँबिया देशांत १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकींत बावीस वर्षें सत्तेवर असलेले याह्या जामे हरले, आणि प्रथम हार मान्य करून मग पद सोडीनात. विजयी झालेल्या अदामा बॅरो यांस शेजारच्या सेनेगलमधील आपल्या वकिलातींत शपथ घ्यावी लागली. शेजारी राष्ट्रांनीं एकमतानें सैन्य सरहद्दीपार धाडलें, आणि २१ जानेवारी २०१७ रोजीं जामे देश सोडून गेले. येथें परक्यांनीं निवाडा दिला नाहीं. मतदारांनीं दिलेल्या निवाड्याची बजावणी केली. उलट हैतींत १९९४ सालीं अमेरिकन फौजांनीं पदच्युत अध्यक्ष आरिस्तीद यांस परत आणून बसविलें, तेव्हां जगानें वाहवा केली. पण २००४ च्या फेब्रुवारींत बंडाळीच्या वेळीं तेच आरिस्तीद अमेरिकन विमानांतून देशाबाहेर गेले. आपणांस बळेंच नेलें असें ते म्हणाले, स्वखुशीनें गेले असें अमेरिका म्हणाली. बसविणारा हात उठवूंही शकतो, एवढें मात्र दोन्ही जबान्यांवरून सिद्ध होतें.

तेव्हां आमचें मत आम्हीं स्पष्ट सांगतों. परक्यांच्या हस्तक्षेपाचें समर्थन करणाऱ्यानें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. निवाडा मतदारांनीं दिला आहे काय? मदतीचें मोल जमिनींत, तेलांत किंवा तहाच्या कलमांत घेतलें जाणार काय? आणि आलेला पाहुणा जाणार केव्हां? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळतील असे प्रसंग क्वचित् येतात. जेथें पुढाऱ्यानें निवडणुका, न्यायालयें व वृत्तपत्रें सारींच बंद केलीं असतील, तेथील लोकांच्या दुःखाकडे डोळेझांक करा, असें आम्हीं म्हणत नाहीं. परागंदांस आश्रय देणें, जुलमी सत्तेशीं व्यापार व व्यवहार तोडणें, खोट्या निवडणुकीस मान्यता न देणें, इतकें दाराबाहेरून करतां येतें. पण पदावरून उतरविण्याचा हात ज्यांनीं चढविलें त्यांचाच असावा.

आणि हें बोलून झाल्यावर बोट आपल्याकडेच वळवावें लागतें. परक्यास बोलावण्याची पाळी बहुधा तेव्हां येते, जेव्हां घरच्या माणसांनीं घरचीं साधनें गंजूं दिलेलीं असतात. डोंबिवलींतील एखाद्या गृहसंस्थेंत अध्यक्षाविषयीं जिन्याजिन्यावर कुरकुर चालते. पण वार्षिक सभेस गणसंख्याही भरत नाहीं. मग कोणीतरी निबंधकाकडे अर्ज करतो, प्रशासक येतो, आणि सभासद सुटकेचा श्वास टाकतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत २०२० सालीं संपली, ठाण्याची २०२२ सालीं; आणि निवडणुका होईपर्यंत एका शहराचा कारभार सुमारें पांच वर्षें, दुसऱ्याचा तीनाहून अधिक वर्षें प्रशासकांनीं चालविला. प्रशासक परदेशी नव्हते, आणि त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. पण इतकीं वर्षें आपणांस जाब देणारा एकही नगरसेवक नव्हता, याबद्दल किती नागरिकांनीं साधें पत्र तरी लिहिलें? ज्यास आपल्या प्रभागाचा प्रतिनिधि नसल्याचें सुखदुःख नाहीं, त्यानें दूरदेशींच्या लोकशाहीची काळजी वाहणें शोभत नाहीं.

निवडणें हें लोकशाहीचें अर्धें काम आहे. वेळेवर, कायद्यानें, आपल्या हातांनीं उतरविणें हें उरलेलें अर्धें. तें अर्धें जो समाज दुसऱ्यावर सोंपवितो, त्यास पहिलें अर्धेंही फार काळ आपल्या हातीं ठेवतां येत नाहीं. पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला, मराठ्यांनीं १७३७ सालीं जिंकलेला आणि आपसांतल्या भांडणापायीं सदतीस वर्षांत घालविलेला तो किल्ला कारागृह होऊन आजही आपल्या वाटेवर उभा आहे. वाचकांनीं उद्यां तेथून जातांना एक क्षण थांबून ती भिंत पाहावी.