कापूस वेचणीच्या दिवसांत वाघाची धास्ती का वाढते?

आर्णीच्या पूर्वेला घाटंजी आणि पांढरकवडा तालुक्यांत टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. नकाशावर त्याला हद्द आहे. पण कुंपण नाही. त्यामुळे वाघ शिवारात कधी येऊ शकतो, हे ऋतू आणि पिकांवरही ठरते.

वाघ बाहेर का पडतो?
साधारण दोन वर्षांचा झाला की वाघ आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा इलाखा शोधतो. टिपेश्वरचा ‘सी-१’ हा रेडिओ कॉलर लावलेला नर जून २०१९ मध्ये असाच निघाला. तेलंगणा, मराठवाडा ओलांडून सुमारे १,३०० किलोमीटर चालत तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेतशिवारांतून, बहुतेक रात्रीच झालेल्या या प्रवासात माणसाशी झटापटीची एकच घटना नोंदली गेली. तो झुडपात विसावला असताना काही लोक तिथे शिरले आणि एक जण जखमी झाला.

कोणत्या ऋतूत काय?
*पावसाळा :* पेरणी होताच रानडुकरे बियाणे उकरतात, कोवळ्या पिकावर रोही येतात. कास्तकाराची जागल सुरू होते. या प्राण्यांच्या मागावर वाघही शिवारात येऊ शकतो.

*हिवाळा :* पऱ्हाटी छातीला लागते, तूर त्याहून उंच होते. वाघाला लपायला एवढा आडोसा पुरतो. नेमकी याच वेळी वेचणी असते. मजूर बाया तासन्‌तास वाकून काम करतात. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसू शकतो. म्हणूनच धोका वाढतो.

*उन्हाळा :* शेते मोकळी होतात, नाले आटतात. प्राणी पाणवठ्यांभोवती गोळा होतात. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणारे पहाटेच जंगलात शिरतात, तेव्हा गाठ पडू शकते.

काय काळजी घ्यावी?
वेचणीला गटाने जावे, बोलत राहावे, उजाडल्यावर शिरून अंधारापूर्वी परतावे. जनावर दिसले तर पाठलाग, गर्दी किंवा मोबाइलवर चित्रीकरण नको. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे गुन्हा आहे. त्यात वाघ मरतो, तसा शेजारचा माणूसही मरू शकतो.

नुकसान झाले तर?
पिकाची तक्रार तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे करावी. गुरे मारली गेल्यास ४८ तासांच्या आत कळवावे आणि पंचनाम्यापर्यंत मृत जनावर हलवू नये. उशीर झाला तर दावा अडकू शकतो. भरपाई वेळेवर हाती पडली, तरच वाघाविषयीचा राग वाढत नाही. टिपेश्वरच्या वाघांचे भवितव्य जंगलाइतकेच या शिवारावरही अवलंबून आहे.