हिमालयाच्या पायथ्याची ठेंगणी रांग

सहारनपूरहून डेहराडूनकडे जाताना मोहंडपाशी सपाट मैदान संपते आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. या टेकड्या म्हणजे शिवालिक, हिमालयाची सर्वांत बाहेरची, सर्वांत ठेंगणी आणि वयाने सर्वांत लहान रांग. हिची उंची साधारणपणे ६०० ते १,५०० मीटर. तिच्यामागे मोठ्या पर्वतापर्यंत ज्या लांबट दऱ्या आहेत, त्यांना 'दून' म्हणतात. डेहराडून त्यातलेच एक.

शिवालिकचा जन्म मोठा गमतीदार आहे. हिमालय उंचावत असताना नद्यांनी त्याचीच झीज करून वाळू, माती आणि गोटे खाली आणून टाकले. सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपासून हे थर साचत गेले. पुढे भारतीय भूखंडाच्या रेट्याने त्यांना घड्या पडल्या आणि ते वर उचलले गेले. म्हणूनच इथे सह्याद्रीसारखा काळा कातळ नाही; आहे तो ठिसूळ वाळूचा दगड आणि माती.

याच गाळात प्राचीन प्राण्यांची हाडे जपली गेली. १८३० नंतरच्या दशकात फाल्कनर आणि कॉटली या दोघा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती शोधून काढली. जिराफाच्या कुळातील एका अवाढव्य प्राण्याला त्यांनी 'शिवथेरियम' म्हटले, तर लांबलचक सुळ्यांच्या एका हत्तीला चक्क गणेशाचे नाव दिले! हिमाचलमधील साकेती येथे १९७४ साली उघडलेल्या जीवाश्म उद्यानात अशा प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती पाहायला मिळतात.

पण हा ठिसूळपणाच शिवालिकच्या मुळावर येतो. झाडे तुटली, गुरे-शेळ्यांनी गवत ओरबाडले की पावसाळ्यात टेकड्या अक्षरशः वाहून जातात. एरवी कोरडे असणारे ओढे, ज्यांना पंजाबात 'चो' म्हणतात, वाळू आणून शेते गाडतात. १९०० सालीच त्यासाठी कायदा करावा लागला होता. चंडीगडचा १९५८ साली बांधलेला सुखना तलावही गाळाने भरू लागला.

यावर उपाय सापडला तो तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या सुखोमाजरी या छोट्या गावात. १९७०च्या दशकात तिथे मातीचे छोटे बंधारे बांधले गेले. पाण्यात प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळाला आणि त्या बदल्यात गावाने टेकड्यांवरची मोकाट चराई स्वतःहून थांबवली. गवत वाढले, झाडे परतली, वाहून येणारा गाळ घटला आणि शेतांना पाणी मिळाले.

नद्यांनी लाखो वर्षे खपून रचलेली ही रांग थोड्याशा गवताच्या आधाराने उभी राहते. तेवढा आधार तिला देणे माणसाच्याच हाती आहे.