गेलिक नावांची कुळकथा

महाबळेश्वरास जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांना तेथील बाजारपेठेचे 'माल्कम पेठ' हे जुने नाव ठाऊक असते. १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यांनी सातारकर छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली केलेल्या कराराने तो मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला आणि पेठेला साहेबांचे नाव लाभले, एवढा इतिहासही अनेकांच्या परिचयाचा आहे. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन वसलेल्या या नावाचा मागोवा घेत गेले, तर तो बाराशेहून अधिक वर्षे मागे, आयर्लंडातील एका संन्याशापाशी जाऊन पोहोचतो. 'मेल कोलम' या दोन गेलिक शब्दांचे 'माल्कम' हे संक्षिप्त रूप होय. 'मेल' म्हणजे मुंडन केलेला सेवक आणि 'कोलम' म्हणजे संत कोलम्बा.

५२१ च्या सुमारास डोनेगल प्रांतातील राजकुळात जन्मलेल्या या पुरुषाचे मूळचे नाव क्रिमथान, म्हणजे कोल्हा, असे होते आणि दीक्षेनंतर त्याला 'कोलम किले', म्हणजे धर्ममंदिराचे कबुतर, हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगते. ५६३ साली त्याने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटावर मठ स्थापिला आणि ५९७ मध्ये तेथेच देह ठेवला. पुढील पिढ्यांना एवढ्या थोर पुरुषाचे नाव तान्ह्या बाळास सरळ ठेवणे धार्ष्ट्याचे वाटे; म्हणून त्या नावापूर्वी 'मेल' किंवा 'गिले', म्हणजे सेवक, हा शब्द जोडण्याचा प्रघात पडला. आपल्याकडील 'रामदास' या नावात जो विनय आहे तोच येथे आहे. ख्रिस्ताचा सेवक तो गिलख्रिस्ट आणि येशूचा सेवक तो गिलीस. कुमारी मातेविषयीचा आदर तर इतका पराकोटीचा होता, की आयरिश भाषेत तिच्याकरिता 'मुर्‍ये' हे रूप राखून ठेवण्यात आले आणि सामान्य स्त्रियांना 'मॉर्‍ये' असे निराळे रूप देण्यात आले.

बालकांच्या नावांची जी पुस्तके बाजारात मिळतात, त्यांत प्रत्येक गेलिक नावासमोर एकेका शब्दाचा अर्थ छापलेला असतो. तो बहुधा खोटा नसतो. मात्र तो अपुरा असतो. आयर्लंड, स्कॉटलंडचा पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख आणि मॅन बेट येथे राहणाऱ्या या गेलिकभाषक लोकांनी नावाकडे कुळाची, भक्तीची आणि भाषेची सनद म्हणून पाहिले आहे, आणि सनदेतील एकच शब्द वाचून तिचा आशय कळत नाही.

त्यांच्या भाषेतील सर्वांत जुने लेख म्हणजे नावेच आहेत. साधारण चौथ्या ते सातव्या शतकांत उभ्या दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा खोदून लिहिलेल्या 'ओघम' लिपीचे सुमारे ४०० शिलालेख आज उपलब्ध असून त्यांतील बहुतेक आयर्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या परगण्यांत सापडतात. त्यांचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो: अमुक याचा पुत्र तमुक याचा, अमक्या वंशाचा. नाव येते ते षष्ठी विभक्तीत, कारण 'दगड' हा शब्द गृहीत धरलेला असतो. 'पुत्र' या अर्थी त्या शिळांवर येणारा 'मक्वी' हा शब्दच पुढे 'मॅक' झाला, आणि 'नातू' या अर्थाचा शब्द झिजत झिजत 'ओ' एवढाच उरला. आयरिश आडनावांचा आरंभ या दोन शब्दांनी होतो तो यामुळे.

या नावांतील धातूंचा विचार करताना संस्कृत जाणणाऱ्या वाचकास पदोपदी ओळखीचे चेहरे भेटतात. फर्गस या नावातील 'फॅर', म्हणजे पुरुष, हा आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ. ररी या नावाच्या अखेरीस असलेला 'री' हा 'राजन्' याचा आप्त. एडन हे ज्या 'आएद्' शब्दाचे लडिवाळ रूप आहे, त्याचा अर्थ अग्नी आणि नाते 'इंधन' व 'एधस्' यांच्याशी. कॉनॉटची प्रतापी राणी मेव्ह हिच्या नावाचे जुने रूप 'मेदव', अर्थ उन्मत्त करणारी, आणि त्यात आपला 'मधु' स्पष्ट ऐकू येतो. ब्रिगिट म्हणजे उन्नत, थोर. तिचे संस्कृत प्रतिरूप 'बृहती'. वीराला 'कू', म्हणजे शिकारी कुत्रा, म्हणणे हा त्यांच्याकडे परम गौरव होता. सेतांता नावाच्या बालकाने कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा आत्मरक्षणार्थ मारला आणि भरपाई म्हणून त्याच्या दारी स्वतः पहारा करण्याचे वचन दिले, म्हणून तो 'कू खुलन', कुलनचा कुत्रा, झाला, अशी कथा आहे. हा 'कू' म्हणजे संस्कृतातील 'श्वन्'. आपल्या शुनक ऋषींचे नावही त्याच धातूकुळातले आहे.

या विषयातील एका थोर संशोधकाच्या आयुष्याचा मोठा काळ हिंदुस्थानात गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. डब्लिनमध्ये जन्मलेले व्हिटली स्टोक्स १८६२ साली येथे आले, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री झाले आणि दिवाणी कायद्यांचे मसुदे तयार करीत असतानाच प्राचीन आयरिश ग्रंथांचे संपादन करीत राहिले. ९०८ साली रणात पडलेला कॅशेलचा राजा-बिशप कॉर्मक याच्या नावे प्रसिद्ध असलेला शब्दकोश त्यांनी १८६८ मध्ये कलकत्त्यास छापविला. ब्रिगिट ही कवींची आराध्य देवता असून वैद्यक आणि लोहारकाम यांच्या अधिष्ठात्री तिच्या त्याच नावाच्या बहिणी होत, हे त्या कोशातच नमूद आहे. पॅट्रिक, ब्रिगिट आणि कोलम्बा या तीन संतांच्या चरित्रप्रवचनांचे पुस्तकही कलकत्त्याहूनच १८७७ मध्ये निघाले.

संतांइतकीच नावे वीरकथांनी पुरविली. शापाने हरिणी झालेल्या साइव्हच्या पोटी जन्मलेला तो ओशीन, म्हणजे पाडस. त्याला तारुण्याच्या देशी घेऊन जाणारी ती नीव्ह, म्हणजे तेज. १७६० च्या दशकात जेम्स मॅक्फर्सनने याच ओशीनच्या नावावर 'ओसियन' काव्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपभर त्यांचे वेड पसरले; नेपोलियन त्यांचा भक्त होता, आणि सेनापती बर्नादोतच्या १७९९ मध्ये जन्मलेल्या मुलास ऑस्कर हे नाव मिळाले ते त्यामुळेच. तोच पुढे स्वीडनच्या गादीवर बसला. मराठी रसिकांना 'मॅकबेथ' नाटकातून परिचित झालेली नावेही गेलिकच आहेत: डंकन म्हणजे सावळा योद्धा, आणि मॅकबेथ म्हणजे जीवनाचा पुत्र.

या भाषेचे व्याकरणही नावात उतरते. हाक मारताना, म्हणजे संबोधनात, नावाचे आद्य व्यंजन बदलते. घरात ज्याचे नाव 'शेमस' असते त्याला आई 'अ हेमिश' अशी साद घालते. ती साद कानी पडलेल्या परक्यांनी संबोधनालाच नाव मानले आणि 'हेमिश' हे स्वतंत्र नाव इंग्रजीत रूढ झाले. हेब्रिडीज बेटांवर तर आजही गावात माणसाची ओळख आडनावाने पटत नाही. त्याचे, बापाचे आणि आजाचे अशी नावे ओळीने सांगावी लागतात. पहिल्या मुलास बापाच्या बापाचे आणि दुसऱ्यास आईच्या बापाचे नाव ठेवण्याची चाल तेथे दीर्घकाळ होती.

ज्या राज्यकर्त्यांना हे कुळबंधन तोडावयाचे होते, त्यांनी घाव नावावरच घातला. १४६५ च्या कायद्याने डब्लिनच्या आसपासच्या आयरिश रयतेस एखाद्या शहराचे, रंगाचे किंवा धंद्याचे इंग्रजी आडनाव घेण्याचा हुकूम झाला. १६०३ मध्ये स्कॉटलंडात मॅक्ग्रेगर हे नाव धारण करणे देहान्ताचा अपराध ठरले आणि ती बंदी पूर्णपणे उठण्यास १७७४ साल उजाडले. १८६४ पासून आयर्लंडात जन्माची सरकारी नोंद सुरू झाली. दफ्तरात 'आएद्' हा ह्यू होई, कवी या अर्थाचा 'टाइग' हा टिमथी होई आणि 'डीअरमिड' हा जेरेमाया. या नावांत अर्थाचा काडीमात्र संबंध नव्हता. आद्याक्षर किंवा ओझरते ध्वनिसाम्य कारकुनास पुरेसे वाटे.

या अन्यायाविरुद्ध डग्लस हाइड यांनी १८९२ च्या व्याख्यानात आवाज उठविला आणि पुढील वर्षी गेलिक लीग स्थापन झाली. १९०५ साली डोनेगलच्या नील मॅक गिला व्रीद या शेतकरी कवीवर, गाडीवर आपले नाव गेलिक लिपीत लिहिले म्हणून, खटला झाला. त्याच्या आडनावाचा अर्थच 'ब्रिगिटच्या सेवकाचा पुत्र'. पुढे १९१६ च्या उठावाचे नेतृत्व करणारे पॅट्रिक पिअर्स वकील म्हणून त्याच्या बाजूने उभे राहिले. पण ती अक्षरे वाचनीय नाहीत असे न्यायालयाने ठरविले आणि खटला ते हरले. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले, १९३७ च्या घटनेने आयरिश ही प्रथम राजभाषा झाली, आणि ज्या नावांना दफ्तरात मज्जाव होता ती शाळेच्या हजेरीपटावर परतली.

आता तर नवी नावेही निर्माण होतात. 'सीर्शा', म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव विसाव्या शतकापूर्वी कोणी ठेवीत नसे. २०२१ साली आयर्लंडात मुलींच्या नावांत अग्रस्थानी असलेले 'फीआ', म्हणजे रानटी मृग, हेही प्राचीन नव्हे. यात मला आनंदाइतकीच चिंता वाटते. २०२२ च्या खानेसुमारीनुसार शिक्षणसंस्थांच्या बाहेर रोज आयरिश बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ७२,००० एवढीच आहे. हजारो पाळण्यांवर गेलिक नाव उच्चारले जाते आणि त्यांतील बहुतेक घरांत पुढचे वाक्य इंग्रजीत बोलले जाते. नाव हा भाषेचा शेवटचा अवशेष ठरू शकतो, तसाच तो तिचा पहिला धडाही होऊ शकतो. ज्या आईबापांनी मुलीचे नाव सीर्शा ठेवले, त्यांनी त्या भाषेतील चार शब्द तरी तिच्याशी बोलावेत. ते बोलले गेले तर नावाचा अर्थ पुस्तकात शोधावा लागणार नाही, तो मुलीला घरातच कळेल.