भूल देण्याआधी : धास्ती आईबाबांची, भीती मुलाची

शस्त्रक्रियेआधीच्या मुलांच्या भीतीवर अमेरिकेतले भूलतज्ज्ञ झीव केन यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. टॉन्सिल काढलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४१ मुलांचा त्यांच्या गटाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आधी जास्त घाबरलेल्या मुलांना नंतर दुखलेही जास्त, आणि भूल उतरताना भान हरपून रडणे-झटापट करणेही त्यांच्यातच अधिक दिसले.

मुलाची ही भीती बरेचदा आईबाबांच्या चेहऱ्यावरून येते. मग थिएटरमध्ये सोबत जावे की नाही? घाबरलेल्या मुलाजवळ शांत पालक असला तर फायदा होतो. मूल शांत आणि पालकच थरथरत असेल तर मुलाचीही घालमेल वाढते, असे याच गटाला आढळले. त्यामुळे ‘आईला आत सोडाच’ हा हट्ट नेहमी बरोबर नसतो. घरात ज्याचे डोके थंड, त्याने जावे. मग तो मामा का असेना. ‘नुसता फोटो काढायचाय’ अशी थाप मात्र नको. मास्क नाकावर येणार, हे आधीच सांगावे.

आणखी एक. ‘लेकरू उपाशी आहे’ म्हणून गुपचूप बिस्कीट भरवणारी माया सर्वांत धोक्याची. भुलेत पोटातले अन्न फुफ्फुसात जाऊ शकते. साधारणपणे जेवणखाण ६ तास, आईचे दूध ४ तास आणि पाणी २ तास आधी बंद करतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. चुकून काही खाल्लेच, तर लगेच सांगावे. फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील.