बागेतील कीड-रोगांची ओळख आणि उपाय

बागेतील झाड आजारी पडते ते किडीमुळे, रोगामुळे किंवा जोपासनेतील उणिवेमुळे. तिन्हींची लक्षणे वरवर सारखीच असतात: पाने पिवळी पडतात, वळतात, गळतात. म्हणून फवारणीचा पंप हाती घेण्याआधी कारण शोधावे लागते. खालची जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते. कुंडीतील माती सतत ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर मुळे कुजू लागलेली असण्याचा संभव असतो. यांपैकी कशावरही कीटकनाशक चालत नाही. कीड असेल तर ती बहुधा पानाच्या मागे, कोवळ्या शेंड्यावर किंवा देठाच्या बेचक्यात सापडते. पाहणीची सुरुवात तिथूनच करावी.

घरच्या बागेत सर्वाधिक त्रास होतो तो रस शोषणाऱ्या किडींचा. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, तो पिठ्या ढेकूण. शेवंतीच्या आणि गुलाबाच्या कळ्यांना बारीक हिरवे-काळे किडे चिकटलेले असतात, तो मावा. फांदीला चिकटलेले, नखाने खरवडता येणारे तपकिरी खवले ही खवले कीड, तर झाड हलवताच उडणारे पांढरे कण म्हणजे पांढरी माशी. या किडी चिकट गोड द्रव टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि तोच द्रव खायला मुंग्या येतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की वर रस शोषणारी कीड आहे का, हे पाहावे. मुंग्या या किडींचे शत्रू हुसकावून लावतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त हा उपचाराचाच भाग ठरतो.

पिठ्या ढेकणाच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. ऑस्ट्रेलियातून 1898 मध्ये भारतात आणलेला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा या किडीचा शत्रू आहे, पण त्याची अळीही पांढरी, मेणकट झालरीची असते. ती ढेकणापेक्षा मोठी आणि चपळ असते. तिला कीड समजून मारू नये. मित्रकीटक काय करू शकतात, याचे उदाहरण पपईचे आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात 2008 मध्ये तमिळनाडूत आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. 2010 मध्ये असेरोफॅगस पपाये हा इवलासा परोपजीवी कीटक परदेशातून आणून सोडल्यावर ती कीड आटोक्यात आली.

कडक उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपक्यांची जाळी आणि मागे बारीक कोळिष्टके दिसली, तर तो लाल कोळी असतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकले, की हलणारे ठिपके दिसतात. कोळी हा कीटक नसल्याने अनेक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय.

पाने खाणाऱ्यांत लिंबू आणि कढीपत्त्यावरील फुलपाखराची अळी प्रमुख आहे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. ती हाताने वेचता येते. लिंबाच्या कोवळ्या पानांवरील चंदेरी नागमोडी रेषा हे नागअळीचे काम. अशी पाने खुडून नष्ट करावीत. पावसाळ्यात शंखी गोगलगायी रात्री झाडे फस्त करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी पसरून ठेवले, की त्या त्याखाली जमतात. सकाळी हातमोजे घालून त्या गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

बुरशीजन्य रोगांत गुलाबावरील दोन रोग ओळखून ठेवावेत. पानाच्या वरच्या बाजूला कडा विस्कटलेले काळे डाग पडून पान पिवळे होऊन गळते, तो काळा ठिपका. तो ओल्या पानांवर वाढतो. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे, गळलेली पाने उचलावीत. पानांवर पांढरी पावडर शिंपडल्यासारखी दिसते ती भुरी. ती पाने कोरडी असतानाही दमट हवेत आणि थंड रात्रींत वाढते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन फवारल्यास भुरी आटोक्यात येते, मात्र कडक उन्हात गंधकाने पाने करपतात. मूळकूज टाळण्यासाठी कुंडीतून पाण्याचा निचरा हवा, आणि शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून घालावी.

लॉनमध्ये पिवळे पट्टे पडले आणि गवत सतरंजीसारखे उचलून हातात आले, तर मातीत हुमणी असते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली ही अळी मुळे खाते. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात; फांद्या हलवून ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात पाडले, तर पुढची पिढी रोखली जाते. मातीतील अळ्यांवर मेटारायझियम ही मित्रबुरशी उपयोगी पडते. गवत तपकिरी होऊन गोल चट्टे पडले, पण मुळे घट्ट असली, तर कारण बहुधा बुरशी असते. अशा वेळी संध्याकाळचे पाणी बंद करावे, आणि एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये.

मऊ अंगाच्या बहुतेक किडींवर घरगुती फवारणी पुरते. 50 ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून सकाळी गाळावी, पाणी घालून अर्क एक लिटर करावा आणि चिमूटभर साबणचुरा मिसळावा. प्रथम दोन-चार पानांवर चाचणी घ्यावी, मग उन्हे उतरल्यावर पानांच्या मागील बाजूस फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे.

एवढे करूनही रासायनिक औषध घ्यावे लागले, तर डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा क्रम लागतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांना घरच्या बागेत जागा देऊ नये.