शेवंतीचे घड्याळ पानांत!

दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलबाजार शेवंतीने पिवळाधमक होतो. गच्चीवरच्या कुंडीत जोमाने वाढलेल्या शेवंतीला मात्र कधीकधी एकही कळी धरत नाही. खतपाण्यात कसूर नसेल, तर दोष रात्रभर झाडावर पडणाऱ्या रस्त्यावरील दिव्याचा असू शकतो.

शेवंती ही लघुदिवसी वनस्पती आहे. दिवस लहान होऊन रात्र वाढू लागली, की तिला कळ्या येतात. प्रत्यक्षात ती मोजते तो अखंड अंधाराचा काळ. मध्यरात्री काही वेळ उजेड पडला, तरी ही मोजणी मोडते.

विशेष म्हणजे, कळी शेंड्याला येत असली तरी ही मोजणी पानांत होते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीच्या वरच्या भागाची पाने काढून हे दाखवून दिले. खालच्या पानांना लहान दिवस मिळाला, तेव्हा मोठ्या दिवसात ठेवलेला निष्पर्ण शेंडाही फुलला. उलट केल्यावर तो फुलला नाही. पानांतून शेंड्याकडे जाणाऱ्या या संदेशद्रव्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' हे नाव दिले. 'एफटी' नावाचे प्रथिन हे काम करते, याचे भक्कम पुरावे २००७मध्ये मिळाले.

याच तत्त्वावर हरितगृहांत रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवला जातो, तर काळे कापड पांघरून तो अलीकडे आणला जातो. घरच्या शेवंतीला मात्र निरोगी पाने, दिवसा भरपूर ऊन आणि रात्री काळोखाचा एक कोपरा हवा.