उच्च रक्तदाब: मिठाचा पुडा किती दिवस पुरायला हवा?

छत्तीसगडमध्ये पात्र रेशनकार्डधारकांना आयोडीनयुक्त ‘अमृत’ मीठ मोफत मिळते. आयोडीन शरीराला हवेच. पण मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. घरात चार मोठी माणसे असतील तर १ किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरायला हवा. लवकर संपतो? मग हात आखडता घ्या.

भिलाईच्या उन्हाळ्यात बासी जरूर खा. सोबत मीठ-लोणच्याऐवजी कांदा-लिंबू घ्या. सैंधव हेही मीठच आहे.

तुमचे वय ३० पेक्षा जास्त असल्यास आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब मोफत तपासून घ्या. पथ्य सुरू केले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.